अंबरमधली पाण्यातली अळी: ठाण्यातल्या घरी बसून ती कशी तपासावी

ठाण्यात कुणाला ‘माझ्याकडे अंबर आहे’ असं सांगितलंत, तर समोरचा आधी आजूबाजूला बघतो. व्हेलची उलटी विकताना कुणी पकडला गेल्याच्या बातम्या आपल्याकडे इतक्या वेळा येतात की अंबर म्हटलं की लोकांना अंबरग्रीसच आठवतं, आणि तो व्यापार वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो: हे ते नव्हे. हे झाडाच्या राळेचं कोट्यवधी वर्षांत घट्ट झालेलं रूप, आणि त्यात कधीकधी किडे अडकलेले सापडतात. मी त्यात पाणभुंगेऱ्यांच्या, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या, अळ्या शोधतो. याचं जुनं नाव तृणमणी, कारण लोकरीच्या कापडावर घासलं की ते गवताची काडी ओढून घेतं. युनानी औषधांत त्यालाच कहरुबा म्हणतात. फारसीतल्या त्या शब्दाचा अर्थही काडी ओढणारा असाच आहे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं डाय घासण्यात घालवली. किड्यांचा नाद नंतर लागला, अंबरचा त्याच्याही नंतर. घासकामाचा हात तयार होता, डोळा मात्र नव्हता. पहिल्या तुकड्यातली अळी मी तीन महिने फुलपाखराची समजत होतो. भिंग चांगलं होतं, दिवा चांगला होता, फक्त मी जिवंत पाणभुंगेऱ्याची अळी तोवर एकदाही पाहिली नव्हती. म्हणून या कामाची पहिली पायरी अंबरला हात लावायची नाहीच.

आधी परात आणि गाळणी

जुलै ते ऑक्टोबर हा आपल्याकडचा हंगाम. लागतं काय? पांढरी ट्रे किंवा स्टीलची परात, मोठ्या तोंडाची चहाची गाळणी, ड्रॉपर, बर्फाचा जुना ट्रे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. बूट शोभेला नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका.

जागा निवडताना बऱ्याच जणांची फसगत होते. ठाणं तलावांचं शहर, म्हणून माणूस गाळणी घेऊन थेट मासुंद्यावर किंवा कचराळीवर जातो. तिथले काठ बांधलेले आहेत, पाणवनस्पतींचा काठ उरलेला नाही, हाती फारसं लागत नाही. नवी मुंबईतल्या धारण तलावांत खाडीचं खारं पाणी आत-बाहेर करतं, तिथेही वेळ घालवू नका. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथून परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही, अळीसुद्धा नाही. सगळ्यात चांगली जागा म्हणजे शहापूर-मुरबाडकडची भातखाचरं, मालकाला विचारून. आणि दुसरी, जी कुणाच्या लक्षात येत नाही: सोसायटीतल्या जुन्या आंब्याच्या किंवा पिंपळाच्या ढोलीत साचलेलं काळं पाणी. ही ढोली पुढे अंबरच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

गाळणीतलं सगळं परातीत उलटं करा आणि पाच मिनिटं हलवू नका. गाळ बसला की जी हलते ती अळी. ड्रॉपरने उचलून बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात एकेक टाका. एका खणात दोन टाकल्यात तर संध्याकाळी एकच उरेल, डायटिसिडी या शिकारी पाणभुंगेऱ्यांच्या कुळातल्या अळ्या भावंडांनाही सोडत नाहीत. बोटाने धरू नका, मोठ्या अळीचा चावा चांगला झोंबतो. पाहून झाल्यावर जिथून आणल्या तिथेच सोडा.

आता बघायचं काय? डायटिसिडीची अळी शेपटीचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलटी लटकते, कारण तिची श्वासछिद्रं टोकाला असतात. डोकं चपटं, जबडे विळ्यासारखे. त्या विळ्यांतून बारीक नळी गेलेली असते. भक्ष्यात पाचक रस सोडायचा आणि विरघळलेलं मांस नळीतूनच ओढून घ्यायचं. हायड्रोफिलिडी या पाणभुंगेऱ्यांच्या दुसऱ्या कुळाची अळी ढोबळमानाने तशीच दिसते, पण तिच्या जबड्यांना दात असतात आणि ती भक्ष्य चावून कुस्करते. जायरिनिडी म्हणजे पाण्यावर गरागरा फिरणाऱ्या काळ्या चकचकीत किड्यांचं कुळ. त्यांची अळी श्वास घ्यायला वर येतच नाही, तिच्या कडेला पिसांसारखे कल्ले असतात. आणि ढोलीतल्या पाण्यात नशीब असेल तर सिर्टिडी या चौथ्या कुळाची अळी मिळेल, चपटी आणि लांब मिशांची.

हे चारही चेहरे डोळ्यात बसायला एक पावसाळा जातो. त्याआधी अंबर विकत घेतलंत तर पैसे वाया जातील असं नाही, पण तुम्ही माझ्यासारखे तीन महिने फुलपाखरू बघत बसाल.

पाण्यातली अळी राळेत पोचली कशी

हा प्रश्न मला आमच्या आईने विचारला होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. राळ झाडावरून ओघळते, अळी पाण्यात राहते, मग गाठ पडली कुठे?

अलेक्झांडर श्मिट आणि डेव्हिड डिल्चर या जीवाश्म-अभ्यासकांनी २००७ साली याचा छडा लावला, तोही अगदी साध्या रीतीने. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलजवळच्या दलदलीत डिल्चर यांनी पाइनच्या झाडांच्या साली करवतीने कापल्या. राळ ओघळून पाण्यात उतरली. पाण्यात ती लगेच कडक झाली नाही, चिकटच राहिली, आणि पोहणारे-सरपटणारे जीव तिला चिकटत गेले. प्रयोगशाळेत पाहिलं तर त्या राळेत पाणभुंगेरे, कोळीकिडे, बारीक कवचधारी जीव, सूत्रकृमी, अगदी बुरशी आणि जिवाणूही सापडले. म्हणजे पाण्यातला जीव राळेत जायला तो पाण्याबाहेर यावाच लागतो असं नाही.

पण बाहेरही येतो. या कुळांतल्या बऱ्याच अळ्या कोष करायच्या वेळी पाणी सोडतात आणि काठाच्या ओल्या मातीत घर करतात. त्या चालण्यात वाटेत राळेचा ओघळ लागला की संपलं. तिसरी वाट आपल्या आंब्याच्या ढोलीची. झाड तेच, त्याची राळ तीच आणि पाणी त्याच खोडात साचलेलं. सिर्टिडीच्या अळ्या ढोलीतही वाढतात, त्यांना राळ गाठायला प्रवासच नको.

यातून एक कामाची गोष्ट निघते. भातखाचरात बोटाएवढी अळी दिसेल, अंबरमध्ये ती शोधू नका. एवढा जीव राळेतून धडपडून सुटतो. डायटिसिडीची अळी तीन टप्प्यांत वाढते, दोनदा कात टाकून. अंबरमध्ये भेटली तर बहुधा लहानच, सुरुवातीच्या टप्प्यातली किंवा छोट्या जातीची, काही मिलिमीटरची. म्हणून पावसाळ्यात पाहतानाही सगळ्यात लहान अळ्यांवर जास्त वेळ द्या.

तुकडा कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये

बाल्टिक अंबर साधारण साडेतीन ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीचं, डोमिनिकन सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांचं. नवशिक्याने बाल्टिक घ्यावं. मिळायला सोपं, घासायला बरं. एक खोड मात्र आहे: त्यातल्या किड्याभोवती पुष्कळदा दुधासारखा पांढरा थर असतो. तो घासून जात नाही, तेव्हा घेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि निदान एक बाजू स्वच्छ आहे का ते पाहा.

म्यानमारच्या काचिन प्रांतातलं अंबर ९.९ कोटी वर्षांच्या आसपासचं, आणि या विषयातले सगळ्यात थरारक नमुने तिथलेच. २०२० साली गस्टाफसन, मिचट आणि बाल्के या कीटक-अभ्यासकांनी तिथल्या अंबरमधल्या एका अळीवरून जायरिनिडी कुळातली नवी प्रजाती नोंदवली, कायमेरोगायरस गिगागॅलिया. पूर्ण वाढलेला किडा हातात नाही, फक्त अळी, आणि तेवढ्यावर कुळाच्या जुन्या फांदीचा पत्ता लागला. तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे, हे अंबर विकत घेऊ नका. २०१७ साली तिथल्या खाणी लष्कराच्या ताब्यात गेल्या, खाणीच्या भोवती रक्तपात झाला, आणि २०२० साली पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यानंतरच्या तुकड्यांवर संशोधन छापू नये असं नियतकालिकांना कळवलं. ‘जुन्या साठ्यातला आहे’ असं विक्रेता म्हणेल. म्हणू दे.

आपल्या शेजारचंही अंबर आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींत मिळणारं खंबातचं अंबर ५ कोटी वर्षांहून जुनं, आणि २०१० साली त्यातल्या किड्यांवरचं मोठं काम प्रसिद्ध झालं. ते झाड डिप्टेरोकार्पेसी कुळातलं, म्हणजे सालवृक्षाचं कुळ. काष्ठौषधीच्या दुकानात धूपासाठी जी राळ मिळते ती सालाचीच. एकदा पन्नास ग्रॅम आणून नाकाशी धरा, गुजरातच्या त्या जंगलाच्या दूरच्या नात्यातला वास आहे. खाणीत मात्र परवानगीशिवाय जायचं नाही.

जाता जाता: डिंक आणि राळ एक नव्हे. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. डिंकाचं कधी अंबर होत नाही.

खरा की बनावट

माझा दुसरा तुकडा ऑनलाइन घेतलेला होता. मधोमध, पाय पसरून, फोटोसाठी बसल्यासारखी अळी. पार्सल उघडलं त्याच रात्री मिठाच्या पाण्यात टाकला आणि तो दगडासारखा तळाला गेला. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. चूक माझीच, इतकी व्यवस्थित बसलेली अळी निसर्ग सहसा देत नाही. मरणारा जीव वाकडातिकडा असतो, एखादा पाय तुटलेला असतो, भोवती धडपडीच्या लाटा दिसतात.

मिठाची परीक्षा अशी: २०० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्याची घनता १.१५ च्या जवळ येते. अंबरची १.०५ ते १.१०, म्हणून ते तरंगतं. काच आणि बेकलाइट बुडतात. पण तरंगला म्हणजे खरा असं समजू नका, काही प्लास्टिकं आणि कोवळी राळ, म्हणजे कोपल, हीसुद्धा तरंगतात. बुडाला तर विषय संपला, तरंगला तर पुढची परीक्षा.

पुढची परीक्षा अतिनील टॉर्चची. ती ३६५ नॅनोमीटरची हवी. नोटा तपासायला म्हणून मिळणाऱ्या स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ च्या असतात आणि जांभळा उजेडच इतका पाडतात की काही कळत नाही. अंधारात खरं अंबर बहुधा निळसर किंवा हिरवट चमकतं. कडेची सगळी रेषा फिरून पाहा. दोन अर्धुकं चिकटवली असतील तर जोडावरचा गोंद वेगळा चमकतो.

मग कोपलसाठी अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश काढायच्या बाटलीवर अ‍ॅसिटोन आहे हे वाचून घ्या. अळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर काडीने एक थेंब, अर्ध्या मिनिटाने बोट लावा. चिकट लागलं तर कोपल. खंबातच्या अंबरवर ही परीक्षा करू नका, ते खरं असूनही द्रावकात विरघळतं. अभ्यासक तर याच गुणाचा फायदा घेऊन त्यातला अख्खा किडा बाहेर काढतात.

तापलेली सुई टोचायची पद्धत बरेच जण सांगतात. मी सांगणार नाही, तुकड्याला कायमचा डाग पडतो. आणि कागदाचा कपटा ओढण्याची गंमत मुलांना दाखवायला ठीक आहे, पण प्लास्टिकचा कंगवाही कपटे ओढतो.

या परीक्षांतूनही फसवणूक सुटू शकते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी होती. विली हेनिग यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने १९६६ साली तिच्यावर लिहिलं. १९९३ साली अँड्र्यू रॉस तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, दिव्याच्या उष्णतेने तुकड्यात भेग उमटली आणि भांडं फुटलं. कुणीतरी खरं अंबर दुभागून, पोकळी कोरून, आजची शौचकुपातली माशी आत बसवली होती. अंबर खरं होतं, माशी मात्र नव्हती. म्हणून तपास नेहमी दोन: अंबरचा वेगळा, अळीचा वेगळा. नमुना खरोखर महत्त्वाचा वाटला तर अवरक्त वर्णपटाची, म्हणजे पदार्थ कुठला ते ओळखणारी, तपासणी करून घेता येते, पवईच्या आयआयटीत तशी सोय आहे.

खिडकी पाडणं

इथे माझा हात चालतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गोटीसारख्या तुकड्यातून अळी वाकडी दिसते. तिच्या अंगाला समांतर एक सपाट पृष्ठभाग हवा, त्यालाच आम्ही खिडकी म्हणतो. कडेने पाहून अळी कुठल्या पातळीत आडवी आहे ते ठरवा आणि मार्करने बाहेरून रेघ मारा. मग खोली काढा. वरून पाहताना अळी आहे त्यापेक्षा वर आल्यासारखी दिसते, बादलीतलं नाणं वर दिसतं तसं. सूक्ष्मदर्शकावर आधी पृष्ठभाग, मग अळी फोकस करून नळी किती सरकली ते मोजा आणि त्याला १.५४ ने गुणा, ही अंबरची अपवर्तन संख्या. ती खरी खोली. एवढी खटपट नको असेल तर व्हर्नियर कॅलिपरने कडेकडून मापा. अळीच्या वर निदान दीड मिलिमीटर अंबर राहिलंच पाहिजे.

हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा: ४००, ८००, १२००, २००० आणि मिळाला तर ३०००. आकडा मोठा तसा कागद बारीक. जाड काचेवर कागद पसरा, पाणी ओता आणि तुकडा इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. कागद बोटावर गुंडाळून घासू नका, कडा गोल होतात आणि त्या गोलाईत अळीची शेपटी पसरट दिसते. दर वीस फेऱ्यांनी पुसून भिंगाखाली पाहा. कागद बदलताना दिशा काटकोनात फिरवा, म्हणजे मागच्या कागदाचे ओरखडे किती राहिले ते आडवे उठून दिसतात. ते सगळे गेल्याशिवाय पुढचा कागद नाही. प्रत्येक बदलाला तुकडा, काच आणि हात, तिन्ही धुवायचे. ४०० चा एक कण २००० वर आला की अर्ध्या तासाचं काम गेलं. शेवटी शॅमॉय लेदरवर, म्हणजे मऊ कातड्यावर, सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीची ओली लापशी. ते नसेल तर पांढरी साधी टूथपेस्टही चालते.

मशीनच्या बफवर धरायचा मोह होईल. धरू नका. अंबर जेमतेम नखाएवढं कठीण असतं, घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभाग मऊ होतो, आतून तडे जातात. कोरडं घासलंत तर ती पूड नाकात जाते, म्हणून पाणी सतत हवं.

आणि कबुली देऊन टाकतो. माझ्या पहिल्या तुकड्यात मी अजून थोडं, अजून थोडं करत अळीच्या शेपटीची दोन टोकं घासून घालवली. पाण्याबरोबर सिंकमध्ये गेली. नंतर कळलं, कुळ ठरवायला तीच हवी होती.

साखरेचा पाक

उरलेले बारीक ओरखडे घालवायला घासायची गरज नाही. साखरेचा स्वच्छ, रंग न आलेला दाट पाक करा, थंड झाल्यावर एक थेंब खिडकीवर ठेवा आणि वर काचेची कव्हरस्लिप टेकवा. पाक ओरखड्यांत भरतो, प्रकाश वाकायचा थांबतो आणि अळी एकदम जवळ आल्यासारखी दिसते. ग्लिसरीनही चालतं. लवंगेचं तेल वगैरे सुगंधी तेलं लावू नका, ती राळेवर काम करतात. पाहून झालं की कोमट पाण्याने लगेच धुवा. मी एकदा रात्रभर तसाच ठेवला होता आणि सकाळी कोट्यवधी वर्षांच्या अळीभोवती नौपाड्यातल्या मुंग्यांची रांग लागली होती.

सराफी दहापट भिंगाने सुरुवात होते, पण पाय मोजायला दहा ते चाळीस पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतोच. दिवे दोन, दोन्ही बाजूंनी तिरपे, पुढे ट्रेसिंग पेपर. एकदा काळ्या कागदावर पाहा, एकदा खालून उजेड देऊन. कल्ले खालच्या उजेडात दिसतात, जबड्यांचे दात वरच्या.

ओळख: प्रश्नांचा क्रम मोडू नका

अळी की कात? अंबरमध्ये टाकलेल्या काती भरपूर असतात. छातीवर पाठीच्या मधोमध उभी फट आणि आत पोकळ दिसलं तर कात. कातीवरूनही ओळख पटते, निराश व्हायचं कारण नाही.

भुंगेऱ्याची आहे का? डोक्याला कडक कवच, चावणारे जबडे, छातीला पायांच्या तीन जोड्या, पोटाला मांसल पाय नाहीत, पंखांचे कोंब नाहीत. पोटाला मांसल पाय असतील तर फुलपाखरू-पतंगाची, माझी जुनी मैत्रीण. पंखांचे कोंब आणि तीन शेपट्या असतील तर मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याचं पिल्लू.

मग पाय मोजा, म्हणजे पायाचे भाग मोजा. सगळ्या ओळखीचा कणा हा आहे आणि नवशिका नेमका हाच भाग टाळतो, कारण पाय बारीक असतात आणि जबडे देखणे. नखं धरून सहा भाग आणि टोकाला बहुधा दोन नखं, तर तो डायटिसिडी, जायरिनिडी यांचा गट, अ‍ॅडेफॅगा. पाच भाग आणि एकच नख, तर पॉलिफॅगा, म्हणजे हायड्रोफिलिडी, सिर्टिडी आणि बाकी पुष्कळ. एका पायावर विश्वास ठेवू नका, तीन पाय मोजा. हॅलिप्लिडी हे कुळ गोंधळ घालतं: अ‍ॅडेफॅगातलं, पण नख एकच.

त्यानंतर शेपटी. पोटाचे आठ खंड, निमुळतं टोक, टोकाला श्वासछिद्रं आणि दोन शेपट्या असतील, वर विळ्यासारखे जबडे असतील, तर डायटिसिडी. इथे सावध राहा, जमिनीवरच्या कॅराबिडी भुंगेऱ्यांच्या अळ्या फार सारख्या दिसतात. त्यांची श्वासछिद्रं कडेने रांगेत असतात आणि पायांवर पोहण्याचे लांब केस नसतात.

पिसांसारखे कल्ले असतील तर ते मोजा. जायरिनिडीत पोटाच्या पहिल्या आठ खंडांवर एकेक जोडी, नवव्यावर दोन, एकूण वीस, आणि दहाव्या खंडावर चार आकडे. हुबेहूब अशी दिसणारी दुसरी अळी म्हणजे मेगॅलोप्टेरा या भुंगेऱ्यांपेक्षा वेगळ्या गणातल्या कोरिडॅलिडी कुळाची. तिलाही कडेला तंतू, तिलाही चार आकडे. फरक असा की तिचे चार आकडे दोन वेगळ्या पायांसारख्या अवयवांवर दोन-दोन असतात, आणि तंतूंच्या जोड्या आठच. हा एक फरक पाठ केलात तरी पुष्कळ झालं.

मिशा लांब, डझनावारी बारीक भागांच्या असतील तर सिर्टिडी. इतर भुंगेऱ्यांच्या अळ्यांना असं काही नसतं, त्यामुळे ही ओळख सगळ्यात सोपी. बाकीची दोन पटकन: गोल ढालीसारखी, पाय खाली लपलेले, ती सेफेनिडी. नळकांड्यासारखी कडक, शेवटच्या खंडाला झाकण आणि झाकणाखाली कल्ले, ती एल्मिडी.

शेवटी तुकड्यातले शेजारी पाहा. त्याच अंबरमध्ये मेफ्लाय, बारीक कवचधारी जीव, वाळूचे कण असतील तर पाण्याची बाजू भक्कम होते. हवेचे बुडबुडे मात्र पाण्याचा पुरावा नाहीत.

फोटो आणि वही

एका फोटोत अख्खी अळी कधीच फोकसमध्ये येत नाही. वरून खाली किंचित सरकवत वीस-तीस फोटो घ्या आणि पिकोले किंवा कंबाइनझेडपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. पहिल्या फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवाच. घासण्याआधीचे फोटोही ठेवा, का ते वर सांगितलं आहे.

वहीत तुकड्याचा क्रमांक, कुठून कधी घेतला, बिल, वजन, माप, प्रत्येक पायाच्या भागांची संख्या. जे दिसलं नाही ते ‘दिसत नाही’ असं लिहा, ‘नाही’ असं नको. पायाचं नख दुधाळ थराखाली असू शकतं.

काही वेगळं वाटलं तर तुकडा कुरिअर करू नका, फोटो आणि मापं पाठवा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा, कीटकसंग्रह, आणि जीवाश्मांसाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था. नव्या प्रजातीचं नाव छापताना मूळ नमुना कुठल्या संग्रहात आहे हे सांगावं लागतं. तेव्हा तुकडा कपाटातून देऊन टाकायची मनाची तयारी आधीच करा.

ठेवायचं कसं

ऊन, उष्णता आणि अत्तर ही तीन माणसं अंबरच्या घरी नकोत. खिडकीत शोभेला ठेवलं की काही वर्षांत लालसर होऊन बारीक तडे जातात. प्रत्येक तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवी डबीत, डबी बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या. सिलिका जेल भरमसाट टाकू नका, अति कोरड्या हवेतही तडे जातात. चिठ्ठी पिशवीत ठेवा, तुकड्यावर चिकटवू नका.

माझ्या वहीत तुकडा क्रमांक चारसमोर ‘पाच भाग, नख एक, जबड्याला दोन दात, शेपटी धुरकट’ आणि पुढे ‘हायड्रोफिलिडी?’ एवढंच लिहिलेलं आहे. श्रावणात पुन्हा मुरबाडला जाणार आहे, पहिल्या टप्प्यातल्या अळ्यांची शेपटी नीट बघायला.